एरियल अडकली, बॅटरी उतरली



या पानावर आपण नेहमी पेरणीचे, फवारणीचे, हळदीच्या बेण्याचे बोलतो. आज विषय जरा निराळा आहे : जुन्या मोटारगाडीवरची, रेडिओ लावला की आपोआप वर येणारी एरियल. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे कोणाला वाटेल. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात फिरताना सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही बाजूला जा, एखाद्या वाड्यासमोर किंवा आखाड्यावर जुनी गाडी उभी दिसतेच. कोणाची एस्टीम, कोणाची कॉन्टेसा, कोणाची पद्मिनी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घरच्या माणसांनी ती जपलेली असते. ही गाडी मिरवण्यासाठी नसते. बाजार, लग्नकार्य, बियाण्याची पोती आणि अडीअडचणीला रात्री-अपरात्री दवाखाना, एवढ्यासाठी ती असते.

अशा गाडीची एरियल अडकली की घरात एकच बोलणे होते, "आता रेडिओ ऐकतो कोण? राहू दे तशीच." रेडिओ ऐकायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण अडकलेली एरियल तशीच ठेवणे हा आवडीचा प्रश्न नाही. त्या एरियलला मोटर आहे, आणि ती मोटर गाडीच्या बॅटरीवर चालते. म्हणून आजचे सांगणे एकच : एरियल एक तर नीट दुरुस्त करा, नाही तर तिची वीज कायमची तोडा. अर्धवट मात्र ठेवू नका.

आपल्या भागाचा आणि रेडिओचा संबंध

रेडिओ आणि शेती यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत दीडशे गावे घेऊन शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालविली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मराठवाड्यात परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झाले आणि १९७२ साली परभणीलाच कृषी विद्यापीठ आले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचा सल्ला आणि आकाशवाणीचा आवाज हे दोन्ही परभणीहूनच आपल्या बांधावर पोहोचत, हे वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल.

मोटारीत रेडिओ आला तो त्याच्याही आधी. अमेरिकेत १९३० साली मोटोरोला नावाने गाडीतला रेडिओ विकायला आला. गाडीचे अंग लोखंडी पत्र्याचे, त्यामुळे आतल्या रेडिओला लहरी पुरेशा मिळत नाहीत. म्हणून पत्र्याच्या बाहेर दांडी काढावी लागते. ती हाताने ओढायची. पुढे मोटरने वर-खाली होणारी आली. आपल्याकडे ही हौस १९८० नंतरच्या काळात वाढली. काही गाड्यांना ती कंपनीतून आली, पुष्कळांनी बाजारातून आणून बसवून घेतली. आता नव्या गाड्यांत एरियल काचेत किंवा छतावरच्या लहानशा उंचवट्यात असते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या एरियलचे काम जाणणारा फिटर सहसा सापडत नाही, आणि घरच्या माणसालाच थोडे शिकून घ्यावे लागते.

यंत्र कसे चालते

मडगार्डाच्या वर दिसते ती दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या, वरून चकचकीत मुलामा दिलेल्या. सर्वांत आतल्या नळीला खाली नायलॉनची दातेरी दोरी जोडलेली असते. मडगार्डाच्या आत एक डबा असतो. त्यात बारा व्होल्टची लहान मोटर आणि दातेरी चाक असते. मोटर फिरली की चाक त्या दोरीला वर ढकलते, दांडी वर येते. उलटी फिरली की दोरी ओढून डब्यात गुंडाळते, दांडी खाली जाते. दांडी टोकाला पोचली की क्लच घसरतो, आणि स्विच किंवा रिले मोटरची वीज तोडते.

साधारणपणे तिला तीन तारा असतात. एक बॅटरीची कायम वीज, दुसरी रेडिओ सुरू झाल्याची खूण देणारी आणि तिसरी अर्थ. तारांच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत कोणी कोणती तार कुठे जोडली याचा नेम नसतो. टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा. काही गाड्यांत डॅशबोर्डावर वर-खालीचे वेगळे बटण असते, तिथे ही खुणेची तार नसते. रेडिओकडे जाणारी जाड केबल वेगळी. ती फक्त लहरी नेते, मोटरशी तिचा संबंध नाही.

आता धोका कुठे आहे ते पाहा. दांडी मध्येच अडकली तर टोक गाठल्याची खूण काही एरियलना मिळत नाही, आणि मोटर झगडत राहते. विहिरीवरचा पंप गाळात अडकला आणि स्टार्टर पडला नाही तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. इथे तेच होते. हिशेब करून बघा. समजा ती मोटर तीन अँपिअर वीज ओढत राहिली. रात्री नऊ तासांत सत्तावीस अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची, आणि तीही जुनी. पहाटे किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प बसणार. घरात बाळंतीण असेल, कोणाला सर्पदंश झाला असेल, तर त्या क्षणी एरियलची किंमत कळते.

आधी ओळखा, मग उघडा

रेडिओ लावा आणि मडगार्डापाशी कान द्या. तोंड मात्र दांडीच्या वर नेऊ नका, अडकलेली दांडी एकदम सुटून डोळ्याला लागू शकते. मुलांनाही दूर ठेवा. आवाजावरून दोष पुष्कळसा कळतो.

१. काहीच आवाज नाही : आधी फ्यूज पाहा, मग अर्थची तार, मग रिले, शेवटी मोटर. आपल्याकडे उंदरांनी कुरतडलेली तार हे कारणही नेहमीचे आहे.

२. मोटर गुरगुरते, दांडी थोडी हलते आणि थांबते : नळ्यांत घाण आहे किंवा नळी वाकली आहे.

३. मोटर मोकळी फिरते, दांडी जागची हलत नाही : दातेरी दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजले आहेत.

४. दांडी वर गेली तरी कटकट आवाज बंद होत नाही, किंवा रेडिओ बंद केल्यावरही मोटर चालूच : हा सर्वांत वाईट दोष. लगेच एरियलचा फ्यूज काढा. तो सापडत नसेल तर बॅटरीचे ऋण टोक सोडा आणि मग सावकाश शोध घ्या.

एक गोष्ट बजावून सांगतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावू नका, जास्त अँपिअरचा फ्यूजही लावू नका. फ्यूज उडतो तो गाडी वाचवण्यासाठी. त्याच्या जागी तार आली की पुढचे जळणे वायरिंगच्या वाट्याला येते, आणि वायरिंगच्या शेजारी पेट्रोल असते.

अर्धे दुखणे फडक्याने जाते

आपली माती काळी आणि बारीक. त्यात सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि हळद पॉलिश करताना उडणारी पिवळी धूळ. मळणीयंत्राजवळ गाडी दोन दिवस उभी राहिली आणि दांडी वर असली, तर नळ्यांच्या सांध्यांत पुरेसे रान तयार होते. त्यावर कोणी प्रेमाने ग्रीस लावले की धूळ आणि ग्रीस यांची खळ होते आणि दांडी तिच्यात रुतून बसते. म्हणून दांडीला ग्रीस कधीच लावू नये.

रीत अशी : दांडी पूर्ण वर घ्या. ती मध्येच अडली असेल तर मोटरच्या जोडीने हाताने हलकेच सरळ वर ओढा, पिळू नका. गाडी बंद करा. घासलेटाने किंचित ओलसर केलेले फडके घेऊन एकेक नळी वरून खाली पुसा, सांध्यापाशी फडके दोनदा फिरवा. मग कोरड्या फडक्याने पुसा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दुसऱ्या फडक्यावर घेऊन दांडीवरून फिरवा आणि तेही पुसून काढा. बोटाला तेल लागता कामा नये, नुसता गुळगुळीतपणा राहावा. मग रेडिओ तीन-चार वेळा लावून-बंद करून दांडी वर-खाली करा आणि दर वेळी वर आलेली घाण पुसा. पॉलिश पेपर मारू नका. मुलामा गेला की पितळ उघडे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात दांडी पुन्हा जाम होते.

हे काम महिन्याकाठी एकदा, पाच मिनिटांचे. ते केले तर पुढची बरीच कामे टळतात.

दांडी बदलायची असेल तर

दोरी तुटली किंवा नळी वाकली तर मोटर फेकून देऊ नये. पुष्कळ एरियलमध्ये फक्त दांडी आणि दोरी बदलता येते. दोन माणसे हवीत.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. दांडीच्या बुडाशी खाचा असलेला नट असतो. रंग खरवडू नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावून तो सोडवा. एकाने दांडी धरावी, दुसऱ्याने रेडिओ लावावा. मोटर दोरी वर ढकलेल, तसतशी दांडी सरळ वर ओढून बाहेर काढा. ती निघताना दोरीचे दाते कोणत्या बाजूला होते, याची खूण मडगार्डावरच्या चिकटपट्टीवर करून ठेवा.

आता दोरीचे टोक पाहा. दाते शेवटपर्यंत आहेत का? टोक तुटके असेल तर तुकडा डब्यात राहिला आहे. तो काढल्याशिवाय नवी दोरी बसणार नाही. मग मडगार्डाच्या आतून डबा सोडवून उघडावा लागतो. त्या वेळी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडा, आणि चाक काढायचे असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालू नका, खाली भक्कम ठोकळा द्या. डब्यातील दातेरी चाकाला मात्र थोडे पांढरे ग्रीस चालते.

नवी दांडी घेताना जुनी बरोबर न्या. नळीची जाडी, दोरीची लांबी आणि दात्यांची ठेवण, तिन्ही शेजारी ठेवून जुळवा. "हीच सगळ्यांना बसते" या बोलण्यावर जाऊ नका. बसवताना दोरी खुणेप्रमाणे दाते ठेवून आत सोडा, चाकाला टेकेपर्यंत हलकेच दाबा, आणि दुसऱ्याने रेडिओ बंद करावा. मोटर दोरी आत ओढू लागेल. तुम्ही फक्त दांडी सरळ धरा. नट आवळा आणि दोन वेळा वर-खाली करून पाहा. पहिल्या खेपेला बोटभर दांडी बाहेर राहिली तर घाबरू नका, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती जागेवर बसते.

पाण्याची वाट मोकळी ठेवा

शेतात चर बुजला तर पिकाचे काय होते, ते तुम्ही जाणता. एरियलचेही तसेच आहे. दांडीच्या भोकातून पावसाचे थोडे पाणी आत जाणारच. ते बाहेर पडावे म्हणून डब्याच्या खाली छिद्र किंवा रबरी नळी असते. ती चिखलाने बुजली की पाणी डब्यात साचते, मोटर गंजते, आणि मडगार्डाचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग छान दिसतो आणि एक दिवस बोट आत जाते. मृगाच्या आधी त्या नळीत मऊ तार घालून ती मोकळी करा, वरून वाटीभर पाणी सोडून खाली ठिबकते का ते बघा. सगळ्या लेखातली हीच खरी पैसे वाचवणारी गोष्ट आहे. वयाने मेलेल्या एरियल थोड्या, साचलेल्या पाण्याने मेलेल्या पुष्कळ.

दांडी वर येते, पण रेडिओ खरखरतो

आता मोटर निर्दोष आहे, दोष लहरींच्या वाटेत आहे. रेडिओच्या मागून एरियलची पिन काढा आणि त्या भोकातील मधल्या टोकाला मीटरभर साधी तार लावून ती खिडकीबाहेर सोडा. केंद्र लागले तर रेडिओ चांगला आहे, एरियल किंवा तिची केबल बिघडली आहे. पिन बाहेर असतानाच मीटरने तपासा. पिनच्या टोकापासून दांडीपर्यंत जोड मिळाला पाहिजे, पिनच्या टोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत जोड मिळता कामा नये. मिळाला तर केबलीत पाणी शिरले आहे किंवा ती कुठे तरी दबली आहे.

एरियलचे बूड पत्र्याला घट्ट टेकले पाहिजे. तिथे गंज किंवा रंगाचा थर असेल तर अर्थ मिळत नाही आणि इंजिनची घूं-घूं ऐकू येते. मडगार्डाच्या आतल्या बाजूने तेवढीच जागा घासून स्वच्छ करा. इंजिन बंद केल्यावर आवाज थांबला तर खोड इंजिनाच्या बाजूला किंवा अर्थमध्ये आहे, रेडिओ उघडू नका.

दांडीच्या लांबीचेही गणित आहे. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी तीन मीटर लांबीच्या. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, म्हणजे जवळजवळ दांडीएवढा. त्यामुळे एफएमला दांडी पुरते. परभणी केंद्राचा मध्यम लहरींवरचा १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा अनेक वर्षे आपल्या ओळखीचा होता. ती लहर सुमारे २३० मीटरची. तिच्यापुढे मीटरभराची दांडी म्हणजे हौदाला वाटी. म्हणून दांडी अर्धीच वर आली तर एफएम कसेबसे चालते, मध्यम लहरी मात्र आधी मान टाकतात. दांडी किंवा केबल बदलल्यावर जुन्या रेडिओच्या एरियल-भोकाजवळचा बारीक स्क्रू मध्यम लहरींवरचे एखादे मंद केंद्र लावून हळू फिरवावा आणि आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबावे.

विजांच्या दिवसांत

मध्यम लहरींच्या रेडिओचा एक गुण शेतकऱ्याच्या कामाचा आहे. दूर कुठे वीज कडाडली की रेडिओत कड्-कड् अशी तुटक खरखर येते. इंजिनची खरखर वेगाबरोबर वाढते, विजेची मात्र अनियमित असते. ती वरचेवर येऊ लागली तर ढग गडगडण्याची वाट न बघता रानातल्या माणसांना आवाज द्यावा. यावरून अंतर कळत नाही, म्हणून हवामान खात्याचा इशारा आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप यांना हा पर्याय नाही, जोड आहे. एफएमवर ही खूण मिळत नाही.

ढग डोक्यावर आले की रेडिओ बंद करा, दांडी खाली घ्या. पक्के घर जवळ नसेल तर झाडाखाली न जाता पत्र्याच्या बंद गाडीत काचा लावून बसा, आतल्या धातूला हात लावू नका. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा कापडी छताची जीप यांचा आडोसा धरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच बाहेर पडा.

नाहीच जमले तर

मोटर जळली, सुटे भाग मिळाले नाहीत, तर उगीच पैसा घालू नये. हाताने ओढायची साधी एरियल त्याच भोकात बसवता येते आणि रेडिओ तितकाच चांगला वाजतो. तेव्हा जुन्या मोटरची वीज फ्यूजपाशीच तोडा, उघड्या तारांची टोके वेगवेगळी टेप गुंडाळून बांधा, आणि मडगार्डाचे भोक उघडे ठेवू नका. जोड केला की रात्री गाडी बंद असताना बॅटरीच्या ऋण टोकाशी मीटर लावून वीज ओढली जात नाही ना, एवढे कोणा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.

बाभळीच्या फांद्यांखालून, गोठ्याच्या पत्र्याखालून जाताना आणि गाडी धुताना दांडी खाली घेण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. गाडी चालवणारा एक असतो, रेडिओ लावणारे पाच असतात.

येत्या रविवारी बाजारातून आल्यावर एक फडके घ्या, रेडिओ लावा आणि मडगार्डापाशी कान देऊन बघा. दांडी खाली बसल्यावर तो टक् आवाज होऊन सगळे शांत झाले, की समजा पहाटे गाडी सुरू होणार.